‘रिसीट’मधला मुका ‘पी’

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बारावी होऊन एका दुकानात गल्ल्यावर कामाला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने गिऱ्हाइकाला ‘रिसिप्ट घ्या’ म्हटले आणि शेजारचे दोघे खो-खो हसले. तेव्हापासून पोरगा चार माणसांत इंग्रजी शब्द तोंडातून काढीत नाही. पावती मुकाट्याने पुढे सरकवतो. ‘स्पेलिंगमध्ये पी आहे की नाही? मग त्याचे चुकले कोठे?’ असे त्या विचारतात.

पी आहे, उच्चार मात्र ‘रिसीट’ असा करावा. पण जो मुलगा हसण्याला भिऊन गप्प झाला, त्याला एवढ्या उत्तराने बोलते करता येणार नाही. म्हणून हा पी तेथे कोणी बसवला ते सांगतो.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला, तेव्हा लोक त्यात पी उच्चारत नव्हते. पुढे लॅटिन शिकलेल्या पंडितांना वाटले की, शब्दाचे लॅटिन मूळ लिखाणात दिसले पाहिजे. त्या मुळात पी होता, तो त्यांनी स्पेलिंगात घुसवला. लोकांची जीभ होती तशीच राहिली. ‘रिसीव्ह’वरून जसे रिसीट, तसे ‘डिसीव्ह’वरून ‘डिसीट’, म्हणजे फसवणूक. दोघे भाऊ एकाच मुळाचे, पण डिसीटच्या स्पेलिंगात आज पी नाही! मुलाने ही जोडी एकत्र पाठ करावी, पुन्हा विसरणार नाही.

कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात. स्पेलिंग डी-ई-बी-टी. यातला बी आणि ‘डाउट’मधला बी असेच मागाहून चिकटवलेले आहेत. शेक्सपिअरचे ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ हे नाटक १५९८ साली छापले गेले. त्यात एक पंतोजी आहे. हे बी लोक उच्चारत नाहीत म्हणून तो लोकांवर चिडतो आणि स्वतःचेच हसे करून घेतो. म्हणजे लिहिल्याप्रमाणे वाचा असा हट्ट धरणारा तेथे शिकलेला मास्तर होता. (तारखेचा ‘डेट’ निराळा. त्यातला ए लांबवावा, कर्जातला आखूड ठेवावा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बँकेत बोलताना जरा जपून.)

नळ दुरुस्त करणारा ‘प्लंबर’ही याच गोत्रातला. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. पूर्वी नळ शिशाचे असत, त्यावरून कारागिराला हे नाव पडले. शाळेत शिशाचे चिन्ह ‘पीबी’ शिकवतात तेही त्याच शब्दाचे. इंग्रजी उच्चार ‘प्लमर’. मराठी बोलताना प्लंबर म्हणायला काहीच हरकत नाही. आम्ही जन्मभर तसेच म्हणत आलो आणि आमचा एकही नळ गळता राहिला नाही.

आता त्या मुलाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट. लाइनमध्ये ‘फॉल्ट’ आहे, असे आपण नेहमी म्हणतो. या शब्दात पूर्वी एल नव्हता. पंडितांनी तोही लॅटिन पाहून घातला आणि बराच काळ तो मुका होता. मग लोक स्पेलिंग पाहून एल उच्चारू लागले, आणि आज तोच उच्चार शुद्ध मानला जातो. ‘रिसिप्ट’ म्हणणाऱ्या मुलाने याहून वेगळे काय केले? ‘फॉल्ट’चे खपून गेले, ‘रिसीट’चे खपले नाही, इतकेच.

आपली मराठी बहुतेक लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, तीच सवय इंग्रजीत आड येते. नवा शब्द भेटला की, कोशात उच्चार पाहून वहीत शेजारी देवनागरीत लिहावा. साधी पेन्सिल पुरते.

दुसऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘एमएलए’च्या आधी ‘अ’ लावावा की ‘अ‍ॅन’? येथेही डोळा मिटून कान उघडा ठेवावा. एम हे अक्षर व्यंजन खरे, पण उच्चार ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन एमएलए’. ‘युनिव्हर्सिटी’ यू या स्वराने लिहितात, पण बोलताना आधी ‘य’ येतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’, म्हणजे तास, यातला एच मुका, म्हणून ‘अ‍ॅन अवर’.

शब्द विचारताना तो कोठे वाचला किंवा ऐकला तेही पत्रात लिहावे, उत्तर देणे सोपे जाते.