पांजरपोळाचा निर्वाह
मुंबई सरकारने १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या संहाराचा हुकूम जारी केला व त्यापायी पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जिजीभाई प्रभृती धनिकांनी भुलेश्वरी जो पांजरपोळ स्थापन केला, त्याच्या निर्वाहाची तजवीज केवळ देणग्यांवर न सोडता व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा, म्हणजे ठरावीक पट्टी, बसवून घेतला, ही गोष्ट आम्हांस त्या देणग्यांहूनही अधिक स्पृहणीय वाटते. जनावराची भूक वार्षिक नसते. वाढदिवसानिमित्त छायाचित्रासह दिलेली मोठी रक्कम कोणी नाकारणार नाही. परंतु दरमहा ठरल्या तारखेस थोडीथोडकी का होईना, वर्गणी येत असली, म्हणजे कारभाऱ्यास कडब्याचा सौदा सुगीतच करता येतो.

ज्यांची ऐपत बेताची, त्यांनीही संकोचण्याचे प्रयोजन नाही. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत निघणाऱ्या जुन्या सुती चादरी, गोणपाट, वर्तमानपत्रांची रद्दी, ह्याच वस्तू शस्त्रक्रियेनंतर गुंगीत पडलेल्या कुत्रीच्या अंगाखाली अंथरल्या जातात आणि दिवसातून कैक वेळा बदलाव्या लागतात. मात्र मांडवातले उरलेसुरले अन्न पोत्यात भरून गाईगुरांपुढे ओतणे, ह्यास आम्ही दान मानीत नाही. अशा खाण्याने त्यांचे पोट फुगते व प्रसंगी प्राणही जातो. काय हवे, एवढे आधी विचारावे.

वाचकांनी या महिन्यात आपल्या गावच्या पांजरपोळात वा प्राण्यांच्या इस्पितळात जाऊन ही चौकशी जातीने करावी, आणि जमल्यास रविवारचा एखादा तासही तेथे द्यावा, अशी विनंती आहे.