मुलांच्या दातांवरचे डाग नोंदवा, हापशाचे पाणी तपासा

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ओकली नावाचे छोटे गाव आहे. पाच मैलांवरच्या कोमट झऱ्याचे पाणी नळाने तिथे आले आणि थोड्याच काळात मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसू लागले. नळ आणि डाग यांचा संबंध कुणा शास्त्रज्ञाने नाही, मुलांच्या आईवडिलांनी लावला. १९२३ साली दंतवैद्य फ्रेडरिक मॅके तिथे गेले. पाणी तपासूनही त्यांना काही सापडले नाही. तरीही आईवडिलांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यायला सांगितले. काही वर्षांत धाकट्या मुलांचे कायमचे दात स्वच्छ निघाले. हे फ्लोराइडचे काम आहे, हे कळायला १९३१ साल उजाडले.

आईवडिलांची हीच नजर आज यवतमाळच्या पांढरकवडा भागात आणि नांदेडच्या किनवट तालुक्यात हवी आहे. तिथल्या भूजलात काही ठिकाणी मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड आढळले आहे. खडकातली खनिजे पाण्यात विरघळतात आणि खोल बोअरच्या पाण्यात हे प्रमाण बरेचदा वाढते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे एनॅमल, हिरडीच्या आत तयार होते. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात, त्यामुळे बिघडलेले कवच पुन्हा घडत नाही. सातव्या वर्षी दिसणारा पटाशीच्या दातावरचा डाग बाळपणी प्यायलेल्या पाण्याचा असतो. म्हणून अशा मुलाला 'दात घासत नाहीस' म्हणून चारचौघांत रागावणे हा सरळ अन्याय आहे. शिक्षकांनी तो थांबवावा.

प्रत्येक डाग मात्र फ्लोराइडचा नसतो. फ्लोराइडचे डाग सहसा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे, आडव्या पांढुरक्या रेषांचे असतात. फ्लोराइड जास्त झाले की ते तपकिरी होतात. पहिल्या कायमच्या दाढांवर आणि पुढच्या दातांवर ठळक कडेचे, एका बाजूला जास्त असे पिवळट चट्टे दिसले, तर बाळपणातला मोठा ताप, श्वसनाचे आजार किंवा अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचा संबंध असू शकतो. अशी दाढ लवकर झिजते, थंड पाण्याने ठणकते. तिला दंतवैद्याकडे न्यायला उशीर करू नये. कुपोषणानेही कवच पातळ राहते. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक गरोदरपणात किंवा आठ वर्षांच्या आत दिले गेले, तर दात पिवळे-करडे होतात. निदान दंतवैद्यानेच करायचे. पालकांनी बाळपणीची आजारपणे आणि औषधे आठवून सांगायची.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होते. साध्या कँडल फिल्टरनेही फरक पडत नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली आहे, पण तिला रोजची देखरेख लागते. गावात कमी फ्लोराइडची विहीर असेल, तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तीच राखून ठेवणे जास्त सोपे. पावसाचे साठवलेले स्वच्छ पाणीही चालते.

ग्रामस्थांना आणि शाळांना विनंती आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की डाग असलेली मुले त्यांना आवर्जून दाखवा. त्या मुलांच्या घरचे पाणी कोणत्या हापशाचे, हे वर्गशिक्षकांनी एका वहीत लिहून ठेवावे. मुलांची नावे बाहेर जाऊ देऊ नयेत. एकाच हापशाची मुले पुन्हापुन्हा दिसली, तर त्या हापशाची नोंद, मुलांची नावे न सांगता, ग्रामसभेत मांडा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवा. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा. अहवाल शाळेच्या फळ्यावर लिहा आणि प्रमाण जास्त निघाले, तर लहान मुलांच्या घरांना त्याच आठवड्यात दुसरे पाणी द्या.