गांडुळाचा धडा आणि प्राध्यापकाचे संशोधन

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेतले की त्याच गांडुळाच्या आकृत्या वहीत उतरवाव्या लागतात. परंतु या आकृत्या मुळात कोणी काढल्या, आणि का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विद्यापीठीय शिक्षणाचे एक मर्म त्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातील विद्यार्थी इंग्रजी क्रमिक पुस्तकांवर विसंबून असत. त्या पुस्तकांतील गांडूळ युरोपातील लुम्ब्रिकस. येथल्या मातीत सापडणारा फेरेटिमा त्याहून निराळा आहे. कर्म नारायण बहल यांनी ही तफावत केवळ नोंदवली नाही. तिचा मागोवा घेतला. फेरेटिमाच्या शरीरातील अनेक उत्सर्जक नलिका लुम्ब्रिकसप्रमाणे बाहेर न उघडता आतड्यात उघडतात, हे त्यांनी 1919 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. त्यामुळे टाकाऊ द्रवातील पाणी आतड्यात पुन्हा शोषले जाऊ शकते. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या जमिनीत राहणाऱ्या जीवाला ही काटकसर किती मोलाची, हे सांगावयास नको.

लखनौ विद्यापीठात प्राध्यापक असताना बहल यांनी भारतीय प्राण्यांवर विद्यार्थ्यांसाठी एक ग्रंथमाला सुरू केली. तिचा पहिला ग्रंथ, 1926 सालचा, फेरेटिमावरच होता. वर्गात शिकवावयाचा प्राणी आणि प्रयोगशाळेत शोधावयाचा प्राणी एकच असल्यामुळे अध्यापन व संशोधन यांच्यात त्यांच्यापुरती भिंत उरली नाही.

दुर्दैव असे की, जे शोधून काढले तेच पुढे घोकंपट्टीचा विषय झाले. फेरेटिमा पोस्टह्यूमा या जातीला वर्गीकरणशास्त्र आता मेटाफायर पोस्टह्यूमा म्हणते. तरी जुनेच नाव वह्यांतून वर्षानुवर्षे उतरत राहिले. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद केले, ते योग्यच झाले. पण विच्छेदनाच्या तबकाची जागा केवळ चित्रफितीने घेतली, तर विद्यार्थ्याचा मातीशी उरलासुरला संबंधही संपेल.

यावर प्राध्यापकांचे उत्तर ठरलेले असते: तासिकांचा भार मोठा, प्रयोगशाळा तुटपुंजी, अनुदान नाही. ही तक्रार खोटी नाही. परंतु मातीतील जीवांचा अभ्यास हा गरिबाघरचा अभ्यास आहे. पंचवीस सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखून खणावा, माती हाताने निवडावी, गांडुळे मोजून पुन्हा जमिनीत सोडावीत. सूक्ष्म कीटकांसाठी चाळणी, नरसाळे आणि वर विजेचा दिवा पुरतो. उष्णतेने माती सुकू लागली की जीव खाली उतरतात. रासायनिक खताचे शेत, शेणखताचे शेत आणि पडीक रान यांची अशी तुलना पाच वर्षे सातत्याने केली, तर त्या तालुक्याला दुसरीकडे कोठेही न मिळणारी माहिती हाती येईल.

खरी अडचण मोजमापाची आहे. 2010 साली आयोगाने शिक्षकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. पुढे तिच्यात फेरफार झाले; पण निबंधांची संख्या म्हणजेच संशोधन, ही समजूत तिने रुजवली. विद्यार्थ्यांना शेतात नेऊन पाच वर्षे चिकाटीने नोंदी ठेवणारा अधिव्याख्याता या हिशेबात मागे पडतो, आणि घाईने निबंध छापून आणणारा पुढे जातो. प्रत्येक शिक्षकाने संशोधक व्हावेच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. निबंध न लिहिणारे उत्तम शिक्षक पुष्कळ झाले आहेत. मात्र ज्याला जिज्ञासा आहे, त्याची कोंडी करण्याचा अधिकार विद्यापीठाला नाही.

म्हणून अशा क्षेत्रीय नोंदींना विद्यापीठांनी संशोधनाचा दर्जा द्यावा, विद्यार्थ्यांच्या सहभागाला अंतर्गत गुण द्यावेत, आणि त्यांची नावे अहवालावर शिक्षकाच्या नावाशेजारी छापावीत. तसे झाले तर गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य विद्यार्थी पाठ करणार नाही. तो विचारील: कोणत्या शेतात, किती, आणि कशावरून? हा प्रश्न विचारावयास शिकवणे, हेच विद्यापीठाचे काम आहे.