सरासरीआड दडलेले विद्यार्थी

परीक्षेचा निकाल लागला की 'तुकडीची सरासरी किती?' हा प्रश्न हटकून विचारला जातो. सरासरी समाधानकारक आली म्हणजे पालक निर्धास्त होतात आणि विद्यार्थी पुस्तके मिटून सुट्टीच्या बेतांस लागतात. परंतु एवढ्या एका आकड्यावर विसंबणे कितपत शहाणपणाचे आहे? तेलुगू व उर्दू भाषांच्या या नगरीत मराठीतून शिकणारी आपली मुले ती किती! नारायणगुड्यातील मराठी शाळेस त्यांतील एकही मूल नजरेआड होऊ देणे परवडणार नाही. म्हणून गणिताच्या पुस्तकातील वारंवारता सारणी केवळ परीक्षेपुरती पाठ न करता ती नित्याच्या व्यवहारात आणावी, असे आमचे मत आहे.

समजा, प्रत्येकी ४० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या आहेत आणि दोहोंची सरासरी ५० गुण आहे. पहिलीत २० जणांचे गुण ४० ते ५० यांमध्ये, तर २० जणांचे ५० ते ६० यांमध्ये आहेत. दुसरीत मात्र २० जण २० ते ३० मध्येच अडकलेले, आणि उरलेले २० जण ७० ते ८० मध्ये पोहोचलेले. सरासरीच्या लेखी दोन्ही तुकड्या सारख्याच. पण दुसऱ्या तुकडीतील निम्म्या मुलांस तातडीने मदतीचा हात हवा आहे, हे ती सांगत नाही. सारणी ते सांगते.

सारणी करणे मुळीच अवघड नाही. गुणांचे समान अंतराचे वर्ग पाडावे, एकेक उत्तरपत्रिका घेऊन योग्य त्या वर्गापुढे ताळ्याची खूण करावी, आणि चार उभ्या रेघांवर पाचवी तिरपी ओढावी. नेमके ४० गुण मिळाले तर ते ३०–४० मध्ये न धरता ४०–५० मध्ये धरावे. शेवटी सर्व वारंवारतांची बेरीज विद्यार्थिसंख्येइतकी आलीच पाहिजे. कोणी गळला नाही व कोणी दोनदा मोजला गेला नाही, याची ही साक्ष होय.

तथापि वर्ग पाडताना विवेक हवा. वरील दोन्ही तुकड्यांसाठी ०–५० आणि ५०–१०० असे दोनच वर्ग केले, तर दोन्हीकडे २० आणि २० हेच आकडे येतील व सारा भेद पुसला जाईल. उलट एकेका गुणाचा वर्ग केला, तर पानभर आकडे दिसतील, पण अर्थ हाती लागणार नाही. उत्तीर्णतेची मर्यादा ३५ असेल, तर ३०–४० हा वर्ग उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांची सरमिसळ करील; तेथे २५–३५, ३५–४५ असेच वर्ग हवेत. आपणांस काय जाणून घ्यावयाचे आहे, हे आधी ठरवावे आणि मग सीमा आखाव्यात.

ही गोष्ट शाळेपुरतीच नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. देशाच्या सरासरी खर्चावर ते थांबले नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीत लोकांची विभागणी दरडोई खर्चाच्या वर्गांनुसार केलेली होती, तीच त्यांनी आधारास घेतली. दररोज २२५० उष्मांकांचे अन्न मिळण्यास १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये लागतात, असे त्यांनी धरले. त्या रेषेखाली ग्रामीण जनतेचा सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेचा सुमारे ५० टक्के भाग होता. सरासरीच्या एका आकड्याने हे कोट्यवधी लोक कधीच दाखविले नसते.

कोणी म्हणेल, अशी सारणी छापल्याने मागे पडलेल्या मुलांस ओशाळे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. सारणीत नावे नसतात, केवळ संख्या असते. नावे असतात ती गुणवंतांच्या यादीत. ती यादी जरूर छापावी. तिचा आम्हांसही अभिमान आहे. पण तिच्याशेजारी प्रत्येक इयत्तेची वारंवारता सारणीही दरवर्षी वार्षिक अंकात यावी. ती करण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवावे. गुणांच्या याद्या मात्र नावे वगळून द्याव्यात. पुढील वर्षी तळच्या वर्गांतील संख्या घटून वरच्या वर्गांत गेलेली दिसली, तर शाळेची प्रगती झाली असे खुशाल म्हणावे. एक विद्यार्थी पहिला आला यात आनंद आहेच. परंतु वीस विद्यार्थी एकेक पायरी वर चढले, हा आनंद आमच्या मते त्याहून थोर आहे.