पोलिओची चाचणी आणि आमचा तांडा

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांना कुलपं लागतात. ऊसतोडीच्या गाड्यांत कोयते, भांडी आणि लहान पोरं. पुढचे पाच-सहा महिने कारखान्याजवळच्या कोप्यांवर. पोलिओ डोसाचा रविवार या पोरांना कधी गाठतो, कधी हुकतो. 2013 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या एका बाळात लशीतून उलटलेला पोलिओ विषाणू सापडला होता, म्हणून हा विषय मला लांबचा वाटत नाही.

या पोरांच्या अंगात पोलिओला तोंड देण्याची ताकद आहे का, हे रक्तावरून कळतं. सीरम पातळ करत न्यायचं, प्रत्येक पातळीत जिवंत पोलिओ विषाणू मिसळायचा, ते पेशींवर सोडायचं आणि पाचेक दिवसांनी पेशी कुठवर तगल्या ते बघायचं. आठपट पातळ केल्यावरही वाचल्या, तर मूल सुरक्षित धरतात.

गोम त्या 'जिवंत'मध्ये आहे. दोन नंबरचा रानटी विषाणू जगातून संपल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. उरला तो बाटल्यांमध्ये. आणि बाटल्या सांडतात हो! 2014 मध्ये बेल्जियमच्या लस-कारखान्यातून पोलिओचं 45 लिटर द्रावण सांडपाण्यात गेलं. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या कारखान्यात सांडलं आणि एका कामगाराला दोन नंबरचाच संसर्ग झाला. हे दोन्ही कारखाने, चाचणीला लागतो तो थेंबच, हे कबूल. पण पोलिओ तपासणीची आपली जुनी जागा परळला, हाफकिनच्या आवारात. भोवतीची गर्दी मुंबईकरांना काय सांगायची? त्यात एप्रिल 2016 पासून डोसातून दोन नंबर काढलाय. त्यानंतरच्या मुलांना त्याविरुद्ध आधार इंजेक्शनचा. त्याने पाय वाचतो, पण आतड्यातला विषाणू पसरायचा फारसा थांबत नाही.

ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी यावर 'एस-19' विषाणू तयार केलेत. वरचं कवच पोलिओचंच, म्हणून चाचणीचा निकाल भरवशाचा. माणसात मात्र ते वाढण्याची शक्यता फारच कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीनेही काही अटींवर ते कडेकोट कोठडीबाहेर वापरायला मान्यता दिली आहे. मग आपल्याकडे अशा चाचण्यांना तेच सक्तीचे का नकोत?

पेशी वाढवायची सोय लागेल, शिकलेली माणसं लागतील, पैसाही लागेल. पण निदान अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हे काम आणायचा विचार तरी करता येईल. गाड्या उन्हाळ्यात परततात. तेव्हा रक्त घेतलं, तर कुणाची लस राहिली ते पुढच्या दिवाळीआधी, पोरं गावात असतानाच कळेल.