सगळ्यात टुकार 'स्टार वॉर्स' कुठला?

परवा शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर पुन्हा तोच वाद पेटला. स्टार वॉर्सच्या मुख्य नऊ चित्रपटांतला सगळ्यात टुकार कुठला? सहा माणसं, सहा डबे आणि पाच मतं एकाच पारड्यात: 'अटॅक ऑफ द क्लोन्स', २००२. सहावं मत माझं. तिथे मला कोणी धड बोलू दिलं नाही, म्हणून आज सकाळी चहा घेऊन लिहायला बसलोय. (पुढे सगळ्या चित्रपटांची गुपितं फुटणार आहेत. बघितले नसतील तर आधी बघून या, मी थांबतो.)

तर आधी त्या पाच जणांचं म्हणणं. ते खोटं नाहीच. प्रेमात पडलेला अ‍ॅनाकिन पद्मेला काय सांगतो? तर मला वाळू आवडत नाही, ती खरखरीत असते आणि सगळीकडे शिरते. आणि हे ऐकून पद्मे पळून जात नाही! पुढे नाबूच्या कुरणात दोघं जे लोळतात, ते बघताना हिंदी सिनेमांवर पोसलेले आपणसुद्धा अवघडतो. शिवाय हा अख्खा चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केलेला. तेव्हा त्याचं कोण कौतुक होतं, पण आज बघताना नट रिकाम्या पडद्यासमोर उभे आहेत हे लगेच कळतं.

सगळं मान्य. पण जरा आत बघा. ओबी-वॉन कमिनो ग्रहावर पोचतो तेव्हा त्याला कळतं की प्रजासत्ताकासाठी दहा वर्षांपूर्वीच एक फौज 'ऑर्डर' झाली आहे, आणि ती तयारसुद्धा आहे. इकडे सिनेट पॅल्पटीनला आणीबाणीचे अधिकार देऊन टाकते. तो ठराव कोण मांडतं? जार जार बिंक्स. मनाने चांगला, अगदी भाबडा. पॅल्पटीनला सत्ता बळकवावी लागतच नाही, भली माणसं ती आपल्या हाताने त्याच्यापुढे ठेवतात. जॉर्ज लुकासला काहीतरी म्हणायचं होतं. ते त्याला नीट म्हणता आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या धंद्यात वाईट कोड दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे कोणीतरी नवीन काही करायला गेला आणि ते अर्धवट जमलं. स्क्रीन बघवत नाही, पण आतलं डिझाइन कामाचं असतं. पुढे दुसरा कोणी त्यावर चांगलं काहीतरी उभं करतो. २००८ साली सुरू झालेली 'द क्लोन वॉर्स' ही अ‍ॅनिमेशन मालिका याच चित्रपटाच्या पायावर उभी राहिली, आणि त्याच अ‍ॅनाकिनला तिने खराखुरा माणूस केलं.

दुसरा प्रकार भयंकर. वरून सगळं चकाचक, पण ते टाकल्याबरोबर आधीचं नीट चाललेलं बंद पडतं. म्हणजे रिग्रेशन. माझा उमेदवार याच जातीचा आहे: 'द राइज ऑफ स्कायवॉकर', २०१९.

जरा मागचं सांगतो. २०१२ साली डिस्नेने चार अब्ज डॉलरला लुकासफिल्म विकत घेतली. २०१५ साली जे. जे. अ‍ॅब्रम्सचा 'द फोर्स अवेकन्स' आला, २०१७ साली रायन जॉन्सनचा 'द लास्ट जेडाय'. जॉन्सनने एक धाडस केलं. नायिका रे हिचे आईबाप कोण, हा प्रश्न दोन वर्षं लोक चघळत होते. त्याने उत्तर दिलं की कोणीच नाहीत, दारूच्या पैशांसाठी पोरगी विकणारी भंगारवाली माणसं होती ती. म्हणजे मोठं होण्यासाठी घराणं लागत नाही. शेवटच्या दृश्यात घोडेपागेतला एक अनाम पोरगा हात न लावता झाडू हातात ओढून घेतो. मला ते फार आवडलं. चाहत्यांतला एक मोठा गट मात्र भयंकर चिडला.

मग 'राइज'ने काय केलं? रोलबॅक. कायलोने फोडलेला मुखवटा परत सांधला. ल्यूकने मागच्या वेळी तलवार खांद्यावरून भिरकावली होती, आता तोच ती झेलून तलवारीचा मान राखण्यावर व्याख्यान देतो. आणि रे? ती निघाली पॅल्पटीनची नात. संपलं, परत घराणं!

इथवर एकाच चित्रपटाची मोडतोड होती. पण त्यासाठी पॅल्पटीनलाच जिवंत करावं लागलं, आणि तो जिवंत कसा, हे धड सांगितलेलंच नाही. १९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये व्हेडर मुलासाठी स्वतःचा जीव देऊन सम्राटाला खाली फेकतो. सहा चित्रपटांची गोष्ट त्या एका क्षणाकडे जाते. तो क्षण आता 'तात्पुरता उपाय' झाला. ही चूक मला माफ करता येत नाही.

(विनोदही आहेत. सम्राटाचं अवाढव्य आरमार दिशा कळण्यासाठी एकाच मनोऱ्यावर अवलंबून! इंटरव्ह्यूला आलेल्या फ्रेशरने असं डिझाइन काढलं तर आपण त्याला घेऊ का? त्यातल्या त्यात अक्कल आर-टू-डी-टूला, त्याने थ्रीपीओचा बॅकअप घेऊन ठेवला होता.)

अ‍ॅब्रम्सची बाजूही बघायला हवी. आधीचा दिग्दर्शक गेल्यावर काम त्याच्या गळ्यात पडलं. कॅरी फिशर २०१६ साली वारली होती, त्यामुळे लेयाचे प्रसंग जुन्या, न वापरलेल्या चित्रणातून जुळवावे लागले. आणि अ‍ॅडम ड्रायव्हरचं काम शेवटपर्यंत उत्तम आहे.

पण रोज टिको? 'लास्ट जेडाय'मधली ती मेकॅनिक. ते काम करणाऱ्या केली मेरी ट्रॅनला लोकांनी इतकं छळलं की २०१८ साली तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. पुढच्या चित्रपटात रोज किती वेळ दिसते? दोन तास बावीस मिनिटांत जेमतेम सव्वा मिनिट. बाकीचे मोहिमेवर निघतात, आणि ती तळावर जुन्या जहाजांची स्पेसिफिकेशन्स वाचत बसते.

थिएटरमध्ये हे बघताना मला घाम फुटला, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर एका नवख्या मुलीने रिपोर्टचा स्क्रीन नव्याने लिहिला होता. जुन्यापेक्षा वेगळा, आणि माझ्या मते चांगला. क्लायंटकडून आठवडाभर तिखट मेल आले. रिलीज तोंडावर होतं. नेमकं काय खटकतंय हे मीटिंगमध्ये कोणी विचारलंच नाही, मीही नाही. सगळं होतं तसं करा, एवढंच ठरलं. रोलबॅक मी केला, पंधरा मिनिटांचं काम. क्लायंट खूश झाला नाही, नुसता गप्प झाला. पुढच्या डेमोला ती मागच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या कामाची एकही स्लाइड नव्हती. मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

म्हणून माझं मत असं. वाळूवरचा संवाद लिहिणाऱ्याने निदान स्वतःच्या डोक्याने माती खाल्ली, 'राइज'वाल्यांनी दुसऱ्यांच्या आरडाओरड्याला भिऊन खाल्ली. पहिल्या चुकीवर मी तुमच्याबरोबर कितीही वेळा हसेन. दुसरीवर मला अजून हसता येत नाही.

सोमवारी टेबलावर पाच विरुद्ध एकच राहणार, माहीत आहे. असो. चहा गार झाला.