वॉट बघून हीट गन घेऊ नका



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणीचे पंप यांच्या खरेदीविषयी बोलत आलो. आजची वस्तू वेगळी आहे. पण दोन-अडीच एकराच्या घरातली मुले आता तालुक्याच्या गावी रेडियमची आणि गाड्यांना व्हिनाईल चिकटवण्याची दुकाने टाकू लागली आहेत. त्या दुकानाचे भांडवल शेवटी तुमच्याच घरातून जाते, म्हणून हे लिहितो.

गेल्या महिन्यात माती परीक्षणाचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर मुलगा तोंड पाडून बसलेला. त्याची आई म्हणाली, "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं, याला चार शब्द सांगा. गटाचं कर्ज काढून मशीन घेऊन दिलं. दोन महिन्यांत ते जळालं, अन् आता दुसरंबी जळालं." मशीन म्हणजे हीट गन, गरम हवा फेकणारे हातातले यंत्र. दुसरी गन जळाली तेव्हा एका जीपचे बॉनेट अर्धे काळे आणि अर्धे पांढरे होते. गिऱ्हाईक गाडी तशीच घेऊन गेले, मजुरी बुडाली आणि व्हिनाईलही वाया गेले.

मी विचारले, "घेताना काय पाहिलंस?" तो म्हणाला, "वॉट." पहिली 1800 वॉटची होती, म्हणून दुसरी 2000 ची घेतली. म्हणजे बैल चालेना म्हणून जास्त खाणारा बैल आणला!

दोन्ही गन मी उघडायला लावल्या. आत विशेष काही नसते. पुढे तारेची कॉइल आणि मागे पंखा. पंख्याची हवा कॉइलवरून जाते, तापते आणि नळीतून बाहेर पडते. ही हवा नुसती काम करत नाही, ती कॉइलला गारही ठेवते. इंजिनाला पाणी कमी पडले की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. तसेच इथे पंखा मंदावला की कॉइल लाल होऊन तुटते. त्या मुलाच्या एका गनच्या पंख्यात भुसा आणि धूळ दाटून बसली होती. दुकानाशेजारी पिठाची गिरणी आहे, त्याला कोण काय करणार? पण मागची हवा ओढायची जाळी आठवड्याला ब्रशने झाडली असती तर गन वाचली असती.

तेव्हा टिकाऊ गन ओळखायची ती पंख्यावरून आणि कॉइलवरून. स्वस्त गनमध्ये तार अभ्रकाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली असते, जुन्या इस्त्रीत असायची तशी. बरी गन असेल तर तार सिरॅमिकच्या ठोकळ्यात बसवलेली असते. ती हादऱ्याने आणि तापण्या-निवण्याने लवकर ढिली पडत नाही, मात्र हातातून पडली तर सिरॅमिकला तडा जातो. दुकानदाराला गन पाच मिनिटे सलग चालवून दाखवायला सांगा. नवीन गनला सुरुवातीला थोडा वास येतो, त्याला घाबरू नका. पंख्याचा आवाज मात्र एकसारखा हवा. तो वर-खाली होत असेल तर गन परत ठेवा. फार तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय आहे का, तेही विचारा. कॉइल सुटी मिळते का आणि ती तालुक्याला कोण बदलून देतो, हे पैसे देण्यापूर्वीच विचारायचे. वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरे वाचा. 'घरगुती वापरासाठी' असे पुष्कळदा लिहिलेले असते, म्हणजे दुकानात वापरून जळाली की वॉरंटी गेली.

आता वॉटचे. गनवरचा आकडा 230 व्होल्टचा असतो. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 180 पर्यंत उतरले तर 2000 वॉटची गन सव्वाबाराशे वॉटचेच काम देते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. मुलगा म्हणतो, गन तापत नाही. मग तो नळी पत्र्याला टेकवतो, हवा कोंडते आणि कॉइलला ताण बसतो. उलट मोटारी बंद झाल्या आणि व्होल्टेज 260 वर चढले, तर तीच गन अडीच हजार वॉटच्या वर जाते. जळते ती बहुधा तेव्हाच. व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर बोर्डावर लावा आणि आकडा चढलेला असेल तर काम थांबवा.

2000 वॉटची गन जवळजवळ 9 अँपिअर ओढते. तिला 16 अँपिअरचा सॉकेटच हवा. घरातल्या टीव्हीच्या सॉकेटवर ती चालवू नका. त्या मुलाची एक्स्टेन्शन वायर टेबल फॅनची होती आणि हात लावला तर कोमट लागायची. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि वापरताना गुंडाळी पूर्ण सोडा. तीन पिनी गन असेल तर अर्थिंग खरोखर आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

व्हिनाईलला इतकी उष्णता लागतच नाही. हा पीव्हीसीचाच पापुद्रा आहे. आपला पाण्याचा पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो, तोच याचाही स्वभाव. ताणून बसवायला 40 ते 60 अंश पुरतात. काम संपल्यावर कडा आणि खोलगट जागा 80 ते 100 अंशांपर्यंत तापवायच्या, म्हणजे ताणलेले व्हिनाईल पुन्हा आकसून उचलत नाही. पुष्कळ मुले ही शेवटची पायरी टाळतात आणि पहिल्या उन्हाळ्यात कडा सुटल्या की व्हिनाईलला दोष देतात. दोन टप्प्यांच्या गनमध्ये पहिलाच टप्पा बहुधा 300 अंशांच्या आसपास असतो. कसलेला हात लांबून फिरवत त्यावरही काम करील, पण नव्या माणसाने 50-60 अंशांपासून फिरवता येणारे बटण असलेलीच गन घ्यावी. गनवर दिसणारा आकडा हवेचा असतो, पत्र्याचा नव्हे. पत्र्याचे तापमान पाहायला लांबून मोजणारा थर्मामीटर मिळतो. 2020 मध्ये कपाळाला धरत होते तो चालणार नाही, तो तापापुरताच मोजतो.

माझीच एक फजिती सांगतो. मोटारसायकलच्या टाकीवरचा जुना स्टिकर काढायला मी मेकॅनिकची गन मागून घेतली आणि एकाच जागी धरून बसलो. स्टिकर निघाला, पण रंगाला भाकरीसारखे फोड आले. पेट्रोलच्या टाकीवर गन चालवली, हा मूर्खपणा तर वेगळाच. तुम्ही करू नका. कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यातही नको. व्हिनाईल करपले तर त्यातून आम्लाचा झोंबणारा धूर निघतो, म्हणून दारे उघडी ठेवून काम करावे. आणि गाडीचा नोंदणीतला रंगच बदलत असेल तर आरटीओकडे नोंद करावी लागते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

काम झाले की बटण लगेच बंद करू नका. सर्वांत कमी तापमानावर दोन मिनिटे चालू द्या, कॉइल निवते. मध्येच वीज गेली तर गन आडवी टाकू नका, नळी वर करून उभी ठेवा, म्हणजे आतली उष्णता वर निघून जाते आणि मागच्या मोटारीला लागत नाही. तो मुलगा दोन्ही वेळा गन तशीच गादीच्या तुकड्यावर आडवी ठेवत होता.

आता त्याने बटण फिरवता येणारी 1600 वॉटची गन घेतली आहे. दुसऱ्या जळक्या गनची नुसती कॉइल गेली होती, ती बदलून तो ठिबकच्या नळ्या मऊ करायला घरी वापरतो. आईने मला विचारले, "साहेब, याने मिरच्या वाळतील का हो?" म्हटले, वाळतील, पण तासाला दीड-दोन युनिट वीज जाईल आणि मिरच्या करपतील. ऊन फुकट आहे.

मातीचा नमुना मात्र त्या गडबडीत राहूनच गेला. तो घ्यायला सोमवारी पुन्हा जायचे आहे.